दुसरी घागर

बसा गुरुजी. आजच या शाळेवर बदलून आलात, आणि आपला हेडमास्तर शेजारी घर असताना वर्गात अंथरूण घालतोय, हे तुम्हाला विचित्र वाटत असणार. सांगतो.

चार वर्षांपूर्वी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी, मायने मला कुंभाराकडून दोन घागरी आणायला पाठवलं. मी आदल्याच रात्री गावी आलो होतो, पावणेदोन वर्षांनी. तापीकाठची जसोदा, गुजरांची मुलगी, तिच्याशीच लग्न करणार म्हणून बाबांशी भांडून मी पुण्याला कॉलेजात निघून गेलो होतो. मग पुण्याला पूर आला, माझी खोली वाहून गेली. मी मदतछावणीत राबलो, पुढे कोकणात एका आश्रमशाळेत शिकवलं. देश घडवायचा होता. घरी मात्र रागाने एक ओळ लिहिली नाही.

आखाजीला आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. तो त्या दुपारी पाणी प्यायला घरी येतो, असं मानतात. आमच्या घरात मेलेले एक आजोबाच. मग घागरी दोन कशाला?

नथ्थू कुंभाराने मान वर न करताच घागर टिचकी मारून वाजवली. "एक तुमना म्हातारानी. नि दुसरी त्या पोऱ्यानी, पुण्याना पूरम्हा गया तो."

"नथ्थूबा, मीच तो. भटू."

त्याने वर पाहिलं. "मेला मानूस सोतानी घागर लेवाले उना, हाई पयलांदाव दखी ऱ्हायनू," म्हणाला. पण हसला नाही. "मंग ही कोनले?"

"राहू द्या ती."

"लई जाय भो. एकदाव भरी का दरसाल भरनी पडस."

रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली. बाबा पुण्याला जाऊन वाहून गेलेली खोली पाहून आले होते म्हणे. कॉलेजात एक शब्द विचारला असता तर मी जिवंत आहे हे कळलं असतं. विचारलं नसेल, की विचारून गप्प बसले? मी मेलो की जसोदाचा प्रश्न आपोआप मिटत होता. रनाळ्याच्या एका स्थळाशी तिचं ठरतही आलं होतं. दोन्ही घागरी घरी नेऊन विचारलं, तर बाबा माझ्याकडे न बघता बैलांना ढेप घालत राहिले.

माय चुलीपाशी हळूच म्हणाली, "तू जित्ता शे, मी का आंधयी शे? पन मागना साल तुन्ही घागर दुपारलोंग रिकामी व्हयनी. आजोबानी भरेल ऱ्हायनी. कोनी पिधं भटू?"

बाबांनी, मी मनात म्हणालो. मी मेल्याची गावाची खात्री पटावी म्हणून.

संध्याकाळी नदीत उतरलो. रेतीत गुजरांची डांगरवाडी होती. पिकलेल्या डांगरांचा गोड, जड वास पसरला होता. जसोदा वेल उचलून फळं बघत होती. मला पाहून ती दचकली नाही. घाबरली नाही. याचाच मला संशय यायला हवा होता.

"दोन दिन आगोदर उनास," ती म्हणाली.

"कशाच्या आधी आलो?"

"आखाजीना. मागल्या आखाजीले झोका देवाले उना व्हता ना. सांगं व्हतं, पुढली आखाजीले तुले लई जासू. मी रनाळावालास्ले आजलोंग हा नही म्हनेल."

"जसोदा, मागच्या आखाजीला मी कोकणात होतो…"

तिने माझा हात धरला, तळवा उलटा करून पाहिला आणि सोडला. "त्याना हात वल्ला व्हतात," ती म्हणाली. "तू कोन शे?"

आखाजीच्या दुपारी मी दोन्ही घागरींत आतून पाण्याला लागून कोळशाची रेघ ओढली. मागची कडी लावली आणि पुढच्या उंबऱ्यावर बसलो. बाबांना पकडायचंच होतं. पितरांच्या नावाने निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास पडला, जेवणं झाली, माणसं पांगली. बाबा समोर, लिंबाखालच्या बाजेवर माझ्या डोळ्यांदेखत घोरत होते. ऊन पांढरं झालं होतं. गल्लीत चिमणीसुद्धा नव्हती.

तेव्हा आतून आवाज आला.

घटक… घटक… घटक…

फार तहानलेला माणूस श्वास न घेता पितो, तसा. मागोमाग वास आला, पूर ओसरल्यावर पुण्याच्या पेठांतून येत होता तो, कुजक्या गाळाचा. मी आत गेलो. कोणी नव्हतं. आजोबांच्या घागरीत पाणी रेघेला टेकलेलं. माझी घागर कोरडी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं मागच्या दारापर्यंत गेली होती. कडी जशीच्या तशी. मी त्यातल्या एका पावलावर पाय ठेवला. करंगळीसुद्धा बरोबर बसली.

मी नदीकडच्या मोठ्या लिंबाकडे धावलो. बायका गाणी म्हणत होत्या. जसोदाचा झोका उंच जात होता, मागे कोणी नव्हतं. तिच्या पोलक्यावर पाठीला दोन तळव्यांचे ओले ठसे होते, आणि ती मागे वळून, कोणाशी तरी बोलावं तशी हसत होती.

गुरुजी, मी शास्त्र शिकलेला माणूस. त्या क्षणी मी काय केलं असेल? बायकांनी पिण्यासाठी ठेवलेल्या हंड्यात कोपरापर्यंत हात बुडवले, जाऊन झोक्याची दोरी धरली आणि ओला तळवा तिच्यापुढे केला.

तिने तो गालाला लावला. "उना," ती म्हणाली.

संध्याकाळच्या मोटारीने आम्ही नंदुरबारला आलो, पुढे धुळ्याला जाऊन लग्न केलं. संसार सुखाचा झाला. पण ती माझ्यावर माया करते की त्याच्यावर, हे मला कधी कळलं नाही. दर आखाजीला मी गुपचूप माझ्या नावाची घागर भरत आलो. दुपारपर्यंत ती रिकामी व्हायची. तेवढ्यावर तो जात होता.

आज आखाजी. सकाळी पोरांना पाण्याची वाफ कशी होते ते शिकवलं आणि माझी मलाच लाज वाटली. ठरवलं, यंदा घागर नाही. आणलीच नाही.

दुपारी घरी गेलो. दार लोटलेलं होतं. जसोदा उंबऱ्यात आली, हसतच, कोणीतरी आत काही गमतीचं बोलल्यासारखी. मला पाहून तिने पदर सावरला.

"कोन पाहिजे, भाऊ?"

"जसोदा… मी आहे."

"आमना मास्तर पानी पी ऱ्हायनात," ती म्हणाली. "बठा वट्टावर. बलावस."

आणि आतून, आमच्याच माठापासून… घटक… घटक…

मी बसलो नाही. तसाच इथे आलो. उजाडल्यावर जाईन. तिला हात दाखवीन, ओले करून. ओळखेल ती. ओळखायलाच हवं.

घसा फार कोरडा पडलाय. तेवढा हंडा इकडे सरकवा, गुरुजी.

रिकामा? पण मघाशी तर तुम्ही तो काठोकाठ भरून आणला होता.