फ्रिजला काही झालेलं नव्हतं

ज्या दिवशी तीन मजली केकवर क्रीम चढवायचं होतं, नेमक्या त्याच दिवशी फ्रिज गार व्हायचा थांबला. आत ठेवलेलं लोणी बोटाने दाबलं तर बोट आरपार जात होतं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"चिमणे, खाली जा. कुणी मेकॅनिक मिळतो का बघ."

चिमणीने पायात चपला सरकवल्या आणि दोन-दोन पायऱ्या गाळत ती जिना उतरू लागली. वळणावर समोरून कुणीतरी वर येत होतं. थांबायला उशीर झाला... धडक बसली, त्याच्या हातातली पिशवी सुटली आणि पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर खणखणत तळमजल्यापर्यंत गेले.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्ही मेकॅनिक आहात का?"

"आत्तापर्यंत होतो. आता हत्यारं सापडली तर पुन्हा होईन."

"कसले मेकॅनिक?"

"फ्रिजचे."

चिमणीने त्याची बाहीच धरली. तो म्हणाला, वरच्या मजल्यावरचे लोक वाट बघतायत. ती म्हणाली, त्यांच्याकडे तीन मजली केक आहे का? तो म्हणाला, बहुतेक नसावा. "मग आधी आमच्याकडे," असं म्हणून ती त्याची पक्कड उचलून पुढे निघालीसुद्धा. हत्यार गेलं तिकडे मेकॅनिकला जावंच लागलं.

घरात तिघीच होत्या. आई, वहिनी आणि चिमणी. चिमणीचा दादा तीन वर्षांपूर्वी गेला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं संपलं. वहिनीला माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. तिने केक करायला सुरुवात केली, आणि चिमणी चष्म्याच्या दुकानात लागली. फ्रिज दादाने लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेला. दाराला एक पोचा होता. जिन्यातून चढवताना दादाच्याच हातून पडलेला तो पोचा वहिनी फडक्याने पुसताना जरा हळू पुसायची.

मेकॅनिकने फ्रिज पुढे ओढला, मागे डोकावला आणि पिशवी उघडलीच नाही.

"ब्रश आहे का? जुना चालेल."

मागच्या जाळीवर धुळीची गोधडी झाली होती. त्यातून झाडलोट करताना फ्रिज कुणीतरी भिंतीला अगदी चिकटवून ठेवला होता. "याची गरमी मागून बाहेर जाते," जाळी घासत तो म्हणाला. "तुम्ही याचं नाक दाबलंय, वर पांघरूणही घातलंय. वीतभर जागा सोडा."

तासाभरात आतून गार हवा यायला लागली. वहिनीने केकच्या कडा कापून उरलेले तुकडे बशीत घालून पुढे ठेवले. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि तो नुसता बशीकडे बघत राहिला. मग मात्र सगळी बशी संपवली.

जाताना त्याने दारात उभं राहून चिमणीला विचारलं, "पुढच्या वेळीही अशीच धडक देणार का? म्हणजे मी पिशवीला चेन लावून घेतो."

चिमणी दिवसभर हसत होती.

पंधरवड्याने भाज्यांच्या खणाखाली पाणी साचलं. यात चिमणीचा काही हात नव्हता. त्याने आतल्या भिंतीवरचं छोटं भोक दाखवलं. कोथिंबिरीच्या काडीने ते बुजलं होतं. कोमट पाणी सोडून त्याने ते मोकळं केलं. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं, आणि चिमणीला म्हणाला, "ओढा."

तिने ओढली. पट्टी सहज निसटली.

"बघा, रबर सैल झालंय. पट्टी अडकायला हवी. ती हातात आली म्हणजे गारवाही असाच बाहेर पळतो." त्याने रबर धुतलं, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकलं आणि पुन्हा पट्टी लावली. "आता ओढा, चिमणाबाई."

घरातलं नाव त्याच्या तोंडून ऐकून तिचे कान लाल झाले. पट्टी निघाली नाही. तिने मुद्दाम पुन्हा ओढून बघितली... तेवढाच वेळ तो शेजारी उभा राहिला.

त्यानंतर फ्रिज वारंवार बिघडू लागला.

वहिनी केक पोचवायला बाहेर पडली, की चिमणी हळूच आतला नॉब शून्याकडे फिरवायची. कधी मागच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढून घ्यायची, मग फ्रिज असा थडथडायचा की आई म्हणायची, याला हुडहुडी भरली की काय. चिमणी फोन करायची. तो यायचा, पाऊस असला तरी यायचा. रेनकोट जिन्यात झटकून, चपला बाहेर नीट जोडून ठेवून. नॉब जागेवर आणायचा, घडी पुन्हा सरकवायचा, आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "मोठा बिघाड होता."

"मग? परत होईल का?"

"या घरात उंदीर दिसतोय. नॉब फिरवणारा."

"पकडा मग."

"घाई काय आहे..." तो म्हणायचा, आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचा.

तो आला की वहिनी उठून बाहेरच्या खोलीत आईजवळ जाऊन बसायची. केकच्या कडांची बशी मात्र ओट्यावर तयार असायची. चिमणीला वाटायचं, वहिनी किती समजूतदार. लोकांना जवळचं नीट दिसतंय का, लांबचं नीट दिसतंय का हे दिवसभर तपासणाऱ्या त्या मुलीला एवढं दिसलं नाही की बशी रिकामी करताना त्याची नजर बाहेरच्या खोलीच्या दाराकडे असायची.

असाच एक दिवस. तो जायला निघाला आणि ती त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. खिडकीतून पावसाचे बारीक थेंब आत येत होते. तो वळणावर थांबला. नेहमीचं हसू नव्हतं.

"एक विचारायचंय. रागावणार नाही ना?"

"विचारा की." तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"फ्रिजला काही होत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. कुणीतरी मुद्दाम करतं." तो थांबला. "मी येतो, कारण मला यावंसं वाटतं. पण समोर आलो की त्या उठून जातात. वर बघतसुद्धा नाहीत. मला वाटतं, त्यांना बोलायचं असेल, धीर होत नसेल... म्हणून त्या तुम्हाला फोन करायला लावतात. बरोबर ना?"

चिमणीने कठड्यावर हात ठेवला. कठडा ओला होता.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. सगळं जग तिच्या वहिनीला वहिनी म्हणायचं, भाजीवालासुद्धा. याने एकदाही म्हटलं नव्हतं.

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिला ते सांगवेना. "तुम्हीच विचारा तिला," ती म्हणाली, आणि वर आली. मोरीत जाऊन नळ सोडून ती बराच वेळ उभी राहिली. आईने दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाली, केस धुतेय.

त्याने विचारलं. चिमणी दुकानात असताना तो येऊन गेला. ती घरी आली तेव्हा वहिनी क्रीम फेटत होती.

"त्यांचा गैरसमज झाला होता," भांड्यातून मान वर न करता वहिनी म्हणाली. "मी दूर केला."

"म्हणजे काय सांगितलंस?"

"नॉब कोण फिरवतं ते."

चिमणीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "तुला माहीत होतं?"

"अगं, दिवसातून पन्नासदा तो फ्रिज उघडते मी. माझ्याच फ्रिजचा नॉब मला कळणार नाही?" वहिनी थोडंसं हसली. मग हसू गेलं. "मला वाटलं, तुमचं जुळतंय. म्हणून मी बाहेर जाऊन बसायचे. आता ते येणार नाहीत. मी नको म्हणून सांगितलं."

तो खरंच आला नाही.

घरात बोलणं चालू होतं, पण नुसतं कामापुरतं. वहिनी चिमणीला जास्तच जपायला लागली. ताटात तिच्या आवडीचं आधी वाढायची, आणि त्याने चिमणीला आणखी रडू यायचं. रात्री अंथरुणावर दोघी एकमेकींकडे पाठ करून जाग्या असायच्या.

उन्हं तापायला लागली आणि फ्रिज खरोखरच बंद पडला. चिमणीने जाळी पुसली, रबर तपासलं, नॉब पाहिला, भिंतीपासून वीतभर अंतर आहे का तेही पाहिलं. खालून एकदा टक् असा आवाज यायचा आणि मग शांत. वहिनीने केकच्या मागण्या परत पाठवायला सुरुवात केली.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलावू का?" चिमणीने विचारलं.

"नको."

"अगं, तुझं काम बंद पडलंय. कोपऱ्यावर दुसरं दुकान आहे."

"नको म्हटलं ना. दुसऱ्या कुणाचा हात नको त्याला."

बोलून गेल्यावर वहिनीने पदर तोंडाशी नेला आणि ती गॅलरीत गेली. चिमणी उघड्या फ्रिजसमोर फरशीवर बसून राहिली. तिला सगळं कळलं. आणि कळल्यावर काही न करता बसून राहणं तिच्याच्याने होईना.

त्याचं दुकान लहानसं होतं. दारं काढून ठेवलेले फ्रिज भिंतीला ओळीने उभे. तिला बघून तो हातातला पाना ठेवून उठला आणि अवघडून उभा राहिला.

"आमचा फ्रिज बंद पडलाय," ती म्हणाली. "या वेळी खरा."

"मी... माणूस पाठवतो."

"माणूस नको. तुम्ही या." तिने श्वास घेतला. "वहिनी तुम्हाला नको म्हणाली ना, ते माझ्यासाठी. तिच्या मनात नाही असं नाही. तिला वाटतं, ती माझं काहीतरी हिसकावून घेतेय."

तो खाली बघत होता. "मी थट्टा करायचो तुमची. तुम्हाला तसं वाटावं असं..."

"तुम्ही काही चुकीचं केलं नाही. थट्टाच होती. मी तिला धरून बसले."

"तुम्हाला त्रास होईल."

"होईल," चिमणी म्हणाली. "पण तुम्ही आला नाहीत तर तिघांनाही होईल."

तो आला. या वेळी वहिनी उठून गेली नाही. त्याने मागचं सगळं उघडलं, तपासलं आणि तिथेच खाली बसला.

"कॉम्प्रेसर गेलाय. या जुन्या मॉडेलचा आता मिळत नाही. कुठून तरी बसवला तरी टिकणार नाही." मग अगदी हळू म्हणाला, "मी खूप प्रयत्न केला असता..."

वहिनीने दारावरच्या पोच्यावर हात ठेवला आणि ती रडली. दादा गेल्यापासून कुणीच तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तो काही समजावत बसला नाही. नुसता शेजारी बसून राहिला. चिमणी आईचा हात धरून तिला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

तिथेच चिमणीने आईला सांगितलं, त्याने वहिनीला विचारलंय. तिसऱ्या दिवशी आईने वहिनीला जवळ बसवून घेतलं. "माझा नवरा गेला तेव्हा मी तुझ्याहून लहान होते," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही. तुला कुणी विचारतंय, तर हो म्हण. माझ्या गेलेल्या लेकाला काय सांगायचं ते मी बघून घेईन."

लग्न कचेरीत सह्या करून झालं. चिमणीने साक्षीदार म्हणून सही केली, अक्षर जरा वाकडं आलं. निघताना वहिनीने तिला दाराआड ओढलं.

"तू रागावली नाहीस ना? खरं सांग."

"रागावले नाही." चिमणीने तिच्या केसातली सुटलेली पिन नीट खोचली. "पण थोडे दिवस मला तुमच्या घरी बोलावू नकोस. मी आपली आपण येईन... मला जमेल तेव्हा."

वहिनीने मान हलवली. तिला घट्ट धरलं. मग ती जिना उतरून गेली, आणि खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

चिमणी आत आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. आई तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

"मला आपलं वाटायचं," बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "तो तुझ्यासाठी येतो."

"मलाही, आई," चिमणी म्हणाली.