चौदा नंबरचं कबूतर

शप्पथ सांगतो, यातलं एक अक्षर बनवलेलं नाही. अमेरिकेतलं पेन्साकोला बंदर, फेब्रुवारी १९१९. शनिवारची संध्याकाळ. समुद्रावर दाट धुकं.

नौदलाच्या तळावर निरोप नेणारी कबुतरं सांभाळणारा जेसी टॉलबर्ट शेजारच्या ओटिसला छेडत होता.

"लेका, ढकललंस ना साहेबांना?"

ओटिस समुद्रातली कालवं काढून विकणारा. वर्षापूर्वी वादळात त्याची होडी बुडाली. वैमानिक हॅरोसाहेबांनी लाटांवर विमान उतरवून त्याला उचललं. मग विमानच बुडालं. उरली एक फळी... आणि परतला एकटा ओटिस.

तेव्हापासून त्याची कालवं गावात कोणी घेईना.

"साहेबांनी आपणहून फळी सोडली रे! आधी चिठ्ठी लिहून विमानातलं कबूतर सोडलं, माझ्या डोळ्यांदेखत!"

"माझं चौदा नंबरचं पाखरू घर चुकत नाही. आलं नाही, म्हणजे सुटलंच नाही. उद्यापर्यंत पुरावा आण. नाहीतर चर्च सुटताना बायकोचा परकर नेसून धक्क्यावर गुन्हा कबूल कर."

"आणि तू हरलास तर?"

"मी नेसतो. पण माझ्या बायकोचा. तुझ्या बायकोच्यात मी दोनदा मावेन!"

हसत हसत जेसी कबूतरखान्यात गेला.

पाखरू आत शिरलं की तिथली झडप घंटी वाजवते.

टिंग...

"ओटिस, पुरे हं चावटपणा!"

बाहेर कोणीच नव्हतं.

सगळी कबुतरं एकदम गप्प झाली.

टिंग...

झडप आत ढकलली गेली. आत काहीच आलं नाही.

पण जमिनीवर ओले ठसे उमटत गेले... इवलेसे... चौदा नंबरच्या रिकाम्या खणापर्यंत.

खणात पाणी. पाण्यात कबुतराच्या पायाला बांधायची नळी. नळीवर जेसीनं स्वतः कोरलेली खूण.

आत चिठ्ठी. अक्षर साहेबांचंच.

'फळी एकालाच पुरेल. ती याला देतोय. याला दोष देऊ नका.'

फाडून टाकली तर कोणाला कळणार?

जेसीनं कागद चिमटीत धरला...

अगदी कानाशी पंख फडफडले.

रविवारी चर्च सुटलं. धक्क्यावर झालरीचा परकर नेसून जेसी उभा.

"कंबर बारीक दिसतेय गं, जेसी!" बायका ओरडल्या.

त्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. हसू थांबलं.

"ओटिस खरा. खोटा मी."

ओटिसनं टोपी काढली, तोंड झाकून घेतलं.

जेसीच्या खांद्यावर मात्र काहीतरी अलगद येऊन बसलं होतं. हलकं... गार... ओलं.

त्यानं मान वळवली नाही.