सूर्य, आत्या आणि वेल्डर

भांडायलाच गेले होते मी! संस्थेमागच्या मोकळ्या जागेत खांब रोवून, तारा ताणून, सूर्याचे रेडिओ स्फोट, म्हणजे त्याच्यावरच्या उद्रेकांतून येणाऱ्या रेडिओ लहरी, टिपायला मी बसले होते. आणि कुंपणापलीकडच्या शेडमध्ये कुणीतरी वेल्डिंग करत होतं. तिकडे ठिणगी उडाली, की इकडे माझ्या पडद्यावर रेघ. तसलीच एक रेघ सूर्याची समजून मी प्रमुखांना नाचत दाखवली आणि तोंडघशी पडले. प्रमुख म्हणजे माझी सख्खी आत्या. म्हणून तर दुप्पट कडक.

"शुक्रवारपर्यंत खरा स्फोट दाखव, नाहीतर खांब काढ. पार्किंगला जागा हवीय. आणि ऑफिसात मॅडम म्हणायचं."

"बंद करा ते!" मी शेडमध्ये ओरडले.

त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला. घामाघूम चेहरा, पण डोळे... मेले हसरे!

"त्या तारांवर तुमचा सूर्य बोलतो म्हणे?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

"बरं, दुपारी वेल्डिंग बंद, दुपार त्याची. पण काय म्हणाला, ते रोज येऊन सांगायचं."

सूर्य काही बोलेना. आमचंच बोलणं वाढत गेलं. मी तारा बांधायची, तो शिडी धरायचा. एकदा पक्कड देताना त्याची बोटं माझ्या हातावर थांबली — आणि मी हात काढून घेतला नाही. मला तो आवडला होता, झालं!

शुक्रवारी दुपारी आत्या माणसं घेऊन आली. त्यांनी खांबाला हात घातला, तेवढ्यात पडद्यावर रेघ उमटली.

"पुन्हा तुझा वेल्डर!"

"वेल्डर इथे उभा आहे, मॅडम. ठिणगीची रेघ सरळ उभी असते, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर एकदम. ही तिरकी आहे, वरून खाली घसरलीय. हा सूर्यच आहे!"

आत्यानं चष्मा लावला. पुन्हा पुन्हा पाहिलं. मग माणसांना परत पाठवलं.

"खांब राहू देत. पण हा इथे काय करतोय?"

तो निघू लागला. मी त्याचा काळा, तेलकट हात घट्ट धरला.

"माझ्यासाठी आलाय, आत्या. आणि याला घालवायचं म्हणशील, तर मी ऐकणार नाही. सांगून ठेवते!"

आत्यानं चष्मा काढला. तो हळूच म्हणाला, "मला विचारलंत का?"

"आता विचारते... तू माझ्याशी—"

"हो!"