बारावं वाक्य

मुदखेडात वैजनाथला विचारल्याशिवाय कुणी साधा चार्जरसुद्धा घेत नाही, असं निदान वैजनाथचं तरी म्हणणं होतं. स्टेशन रोडवरच्या त्याच्या दुकानात माल कमी आणि मतं जास्त. कूलर घ्यायचा तर पत्र्याचा, प्लास्टिकच्याला हात लावू नका. फोनला कॅमेरे चार असोत की चाळीस, संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकत नसेल तर तो डबा. मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं म्हणून कौतुक करणाऱ्याला तो विचारायचा, "पावलं मोजून गाव जवळ येतं का?" त्याची बायको पुनम कधी कधी दुकानात डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "तुम्ही गिऱ्हाइकाला वस्तू देता का कीर्तन ऐकवता?"

एका वस्तूबद्दल मात्र तो थट्टा करत नसे. मोबाइल स्टार्टर. विहिरीवर मोटरच्या पेटीशेजारी बसवायचा वीतभर डबा, आत सिमकार्ड. घरी बसून डब्याच्या नंबरला फोन लावायचा. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. डब्यात एका बाईचा आवाज भरलेला असतो. 'मोटर चालू झाली आहे.' 'लाइट नाही.' 'विहिरीत पाणी कमी आहे.' अशी सगळी मिळून अकरा वाक्यं. वैजनाथनं तालुक्यात असे एकशे चाळीस डबे बसवले होते, आणि दुकान चालत होतं ते त्या डब्यांवरच.

विकताना त्याचं बोलणं ठरलेलं. "माणूस खोटं बोलतो, मशीन न्हाई. डोळ्याला दिसो न दिसो, बाई सांगते ते खरं धरा."

हणमंतरावांना हे पटायला एक अख्खं वर्ष लागलं होतं. बारडच्या रस्त्याला त्यांची सहा एकर केळी. साठी उलटलेला माणूस, जे बघितलं नाही ते मानायचं नाही अशी रीत. एकदा बाईनं 'लाइट नाही' म्हणून सांगितलं आणि घरात तर बल्ब जळत होता. हणमंतराव बाईला चार शिव्या देऊन दोन किलोमीटर चालत शेतात गेले. तिथं कळलं की एक फेज गेलेला आहे. दोन फेजवर बल्ब जळतो, मोटर फिरत नाही. त्या दिवसापासून हणमंतराव बाईचे भक्त झाले. चावडीवर बसून दुसऱ्यांना सांगायला लागले, की वैजनाथ म्हणतो ते शंभर टक्के खरं, आपले डोळे गलत.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"वैजनाथ, आज बाई नवीनच बोलून राहिली."

"काय म्हनली?"

"म्हनली, विहिरीत माणूस आहे."

वैजनाथ हसला. "मामा, डोकावून बघितलं का हिरीत?"

"बघितलं की. पानी हाय, कासव हाय. माणूस न्हाई."

"मग टाका मोटर."

 मग हणमंतराव म्हणाले, "तूच म्हनला होता बाबा, डोळ्याला दिसो न दिसो."

दुरुस्तीसाठी म्हणून प्रत्येक डब्यात वैजनाथचाही नंबर भरलेला असे. त्यानं स्वतः फोन लावून बघितला. 'मोटर बंद आहे. लाइट आहे.' रोजचं वाक्य, रोजचा आवाज. मामांचं वय झालं, त्यानं मनाशी म्हटलं, आणि एका पोराच्या फोनची काच बसवायला घेतली.

गुरुवारी हणमंतराव स्वतः दुकानात आले. डोळे सुजलेले, टोपी खिशात. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक तर स्टार्टरच घ्यायला आलेलं. हणमंतरावांनी कुणाशी न बोलता फोन काउंटरवर ठेवला, स्पीकर चालू केला आणि डब्याला फोन लावला.

'विहिरीत माणूस आहे.'

आवाज तोच. 'आहे'च्या आधी किंचित थांबायची तिची लकबही तीच. कुणीतरी नक्कल करून भरला असेल असं म्हणायला जागा नव्हती. स्टार्टर घ्यायला आलेल्या माणसानं खोकं हळूच काउंटरवर परत ठेवलं आणि नंतर येतो म्हणून तो निघून गेला. वैजनाथला ते लागलं. ही बातमी आठवडी बाजारात पोचली, तर एकशे चाळीस डबे परत यायला चार दिवससुद्धा लागणार नाहीत, हे त्याला स्वच्छ दिसलं.

"मामी काय म्हनतात?" त्यानं विचारलं.

"ती म्हनते, आत माणूस असताना मोटर टाकायची न्हाई. जीव गेला तर पाप कुनाच्या माथी? गळ टाकून बघितला वैजनाथ. पोलीस पाटलानं घरोघर जाऊन माणसं मोजली. गावातलं कुनी कमी न्हाई. पन बाई म्हनते, हाय."

तीन दिवस केळीला पाणी नव्हतं आणि ऊन बेचाळीसच्या वर. घड भरायचे दिवस. आणखी चार दिवस असेच गेले तर झाडं मधूनच मोडून पडतील, हे हणमंतरावांनी सांगायची गरज नव्हती.

वैजनाथनं कंपनीला फोन केला. तिथल्या पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं, "सर, चिपमध्ये अकराच मेसेज आहेत. असा मेसेज आमच्याकडे कधी रेकॉर्डच झालेला नाही." मग त्यानं दुकानातलं सीलबंद खोकं फोडलं, नवं सिमकार्ड टाकलं, आणि त्याच दुपारी जाऊन हणमंतरावांच्या विहिरीवरचा डबा बदलला. जुना डबा घरी आणून खोलला. आत मुंगीसुद्धा निघाली नाही.

शुक्रवारी सकाळी तो जेवायला बसला असताना त्याचा फोन वाजला. नंबर नव्या डब्याचा होता. लाइट आली की डबा आपणहून कळवतो, त्यात नवल काही नव्हतं. त्यानं भाकरी मोडता मोडता स्पीकर लावला.

'विहिरीत माणूस अजून आहे.'

घास त्याच्या हातात तसाच राहिला. पुनम तव्यावरची भाकरी उलटत होती. ती म्हणाली, "ही तुमची डब्यातली बाई ना?"

"हाव."

"भेल्यासारखी वाटून राहिली."

"मशीनला कशाचं भ्या?" वैजनाथ म्हणाला. पण ताटातलं पुढचं काही त्याला गेलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता; इतकी वर्षं ज्याची हमी घेतली, त्यानंच आता भर बाजारात तोंडघशी पाडायचं म्हणजे काय.

शनिवारी तो शेतावर गेला तेव्हा बारा वाजून गेले होते. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. केळीची पानं उन्हानं गळपटून खाली आली होती. हणमंतराव विहिरीच्या कठड्याजवळ लिंबाच्या सावलीत उकिडवे बसले होते.

"मामा, आज हे मिटवून टाकू," वैजनाथ म्हणाला. "मी सोता आत उतरतो. कोपरान् कोपरा बघतो. आत कुनी न्हाई हे डोळ्यानं बघून सांगितल्यावर तरी मोटर टाकाल का?"

हणमंतरावांनी मान हलवली. "तू बघ. पन बाईनं पन म्हनाया पाहिजे, न्हाई म्हनून."

"म्हनंल. पानी मोजायच्या सेन्सरच्या वायरीत पानी शिरलं असंल, ते काढलं की म्हनंल."

लाइटीच्या कामात वैजनाथ कधी हयगय करत नसे. त्यानं पेटी उघडली, तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा उपसून शर्टच्या खिशात टाकल्या आणि खिशाचं बटण लावलं. आता डब्यानं किती का हुकूम दिला, मोटरपर्यंत लाइट जायचीच नाही. मग तो पायऱ्या उतरायला लागला.

अर्ध्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, पुढं भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्या. खाली खाली जाताना ऊन वर राहिलं. शेवाळाचा ओला वास आला. पाणी उतरून कडेचा खडक उघडा पडला होता, त्यावर तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाणी अतिशय थंड होतं. कपारीतले पारवे त्याला बघून उडाले नाहीत, तसेच बसून राहिले.

त्यानं सोबत आणलेल्या काठीनं तळ चाचपला. गाळ, दगड, एक फुटका हंडा. चारी बाजूंना बॅटरीचा उजेड टाकला. कुणी नव्हतं. सेन्सरच्या वायरी कोरड्या ठणठणीत होत्या आणि त्यांचे जोड त्यानं स्वतः दोन दिवसांपूर्वी मारले होते तसेच होते. दोष कुठंच सापडला नाही, याचं त्याला बरं वाटलं नाही.

"मामा!" त्यानं वर तोंड करून हाक मारली. "लावा फोन!"

वर कठड्यापाशी फोनची रिंग ऐकू आली. मग विहिरीत घुमून बाईचा आवाज खाली आला. चार दिवसांत पहिल्यांदाच तो आवाज मोकळा वाटला, काळजी मिटलेल्या माणसाचा असतो तसा.

'विहिरीत कोणी नाही.'

वैजनाथच्या छातीवरचं ओझं उतरलं. "बघा! म्हनलो होतो का न्हाई!" तो ओरडला आणि हसला. हसता हसता त्याचं लक्ष पाण्यात बुडालेल्या स्वतःच्या पायांकडं गेलं, आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

"मामा, थांबा जरा. मी हाय की आत."

वरून हणमंतरावांचं डोकं दिसलं. ते वाकून खाली बघत होते. वैजनाथनं हात केला. त्यांची नजर पाण्यावरून फिरली, खडकावर आली, वैजनाथवरून गेली आणि भिंतीवर गेली. मध्ये ती कुठंही थांबली नाही.

"मामा! हिकडं! मी वैजनाथ!"

पारवे हलले नाहीत.

"न्हाई कुनी," हणमंतराव मागं वळून आखाड्याकडं ओरडून म्हणाले. "रिकामी हाय हीर."

"मामा, ग्रिपा माझ्यापाशी हायेत. मोटर टाकू नका!"

वर फोनवर एक दाबल्याचा बारीक आवाज झाला.

वैजनाथनं खिशाला हात लावला. तीन ग्रिपा. मोजून तीन.

त्याच्या पायाखालचा खडक थरथरायला लागला.

पाण्यात लोंबलेली केबल थरारली. पाइपानं एकदा उचकी दिल्यासारखं केलं आणि पाणी वर चढायला लागलं. वैजनाथ डोळे मिटून विजेच्या झटक्याची वाट बघत उभा राहिला. झटका बसला नाही. पाणी फक्त त्याच्या पोटऱ्यांवरून उतरत गेलं, आणि ते उतरताना त्याच्याभोवती एकही तरंग उठला नाही.

तो वर कसा आला ते त्याला कळलं नाही. कड्या हाताला लागत होत्या, गुडघे दगडावर आपटत होते, आणि तो सारखा ओरडत होता. कठडा ओलांडून तो उन्हात येऊन उभा राहिला.

हणमंतराव पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरून उभे होते. तोंडभर हसत होते. मोटरची पेटी सताड उघडी होती आणि ग्रिपांच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. मोटर चालूच होती.

"मामा," वैजनाथ म्हणाला. तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. "मामा, बघा ना माझ्याकडं."

आखाड्यावरच्या खोपटातून हणमंतरावांची बायको तुळजाबाई येत होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप. पाणी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"झालं का एकदाचं? खरंच कुनी नव्हतं ना आत?"

"न्हाई म्हनती बाई. आन मशीन खोटं बोलत न्हाई."

"ते तरी कुनी सांगितलं तुम्हाला?"

हणमंतरावांनी ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं, थोडा विचार केला. "ध्यानात न्हाई बा. असंल कुनीतरी."

तुळजाबाई लिंबाखाली बसली. तिनं कप मांडले आणि चहा ओतला. एक कप नवऱ्याला दिला, एक स्वतःपुढं ओढला. तिसरा भरलेला कप तिनं उचलून हात पुढं केला, आणि तो हात तसाच थांबला.

वैजनाथ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "मामी, द्या."

तिनं इकडं तिकडं बघितलं, कपात बघितलं. मग टोपण काढून तिनं तो चहा परत किटलीत ओतला, आणि कप पदरानं पुसून पालथा ठेवला.