धुळ्याला न गेलेली हाक

"बठ्ठा पसारा मी आवरू, आन् चोर बी मीच शे!"

रेडिओवर फडकं फिरवता फिरवता मयुरी अहिराणीत पुटपुटली. दारात सारिका येऊन उभी आहे, हे तिला दिसलंच नव्हतं.

"चोरानंच डिटेक्टिव्ह बोलावली, असं माझ्याकडे पहिल्यांदाच होतंय," सारिका म्हणाली. तिच्यामागे निवृत्त हवालदार धनसिंग जिन्यावर दम खात थांबले होते. जळगावात दोघं मिळून लग्नाआधीच्या चौकश्या करत. चोरीची केस म्हणजे त्यांची चैनच.

खोली मयुरीच्या सासऱ्यांची. शालिग्राम नाना दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, हौशी रेडिओचे परवानाधारक. भिंतभर संच: लष्कराच्या भंगारातला रिसीव्हर, स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा ट्रान्समीटर, मुलाने घेऊन दिलेला नवाकोरा संच. गेलं होतं ते व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमधलं क्रिस्टल. सुपारीएवढी वस्तू.

"खोलीत हिच्याशिवाय कोणी जात नाही," दाराबाहेर बसलेल्या सासूबाई लिलाबाई म्हणाल्या. "मी उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही."

मयुरीची बॅग भरलेली होती. चोर म्हणवून घेत ती राहणार नव्हती. दुपारच्या बसने चाळीसगावला, माहेरी.

"भंगारवाला असेल, ताई," धनसिंग म्हणाले.

"नवा संच सोडून सुपारी नेणारा? आणि झाकण बघा. स्क्रू सगळे जागेवर."

"उलट एक कायम हलायचा," मयुरी म्हणाली, "तो पण आता घट्ट बसलाय."

सारिका खुर्चीत बसलेल्या नानांकडे वळली. "यावर कुणाशी बोलायचात, नाना?"

"धुळ्याच्या लोटनशी. रोज सकाळी, मोर्स कोडमध्ये ठोकून."

"काय म्हणतात ते?"

"चहा टाकते," म्हणत लिलाबाई उठल्याच. मयुरीला फडक्याची घडी घालायची आठवण झाली.

"बरा असेल," नाना म्हणाले.

"क्रिस्टल नसलं तर त्यांचं ऐकूही येत नाही?"

"ऐकायला रिसीव्हर आहे की. क्रिस्टल बोलायला लागतं."

"आणि हा नवा?"

"त्याला कसलं क्रिस्टल! हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर बोला."

सारिकाला जिन्यात नेऊन मयुरी हळूच म्हणाली, "चोरीच्या आधी नाना नुसते ठोकत बसायचे, ताई. मग कान देऊन बसायचे. जेवणाचं भान नाही."

दोघी खोलीत परतल्या, तेव्हा चहा आला. सारिकाने कप हातात घेतला नाही.

"चोराने जाता जाता हलणारा स्क्रू आवळला. संचावर जीव असलेला माणूस. आणि नाना, नव्या संचावरून लोटनभाऊंना बोलावता आलं असतं. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. हाक मारली, की उत्तराची वाट बघावी लागते. क्रिस्टलच चोरीला गेलं, की ते टळतं."

"म्हणजे नानांनीच?" धनसिंग ताडकन उभे राहिले.

नानांनी खिशातून क्रिस्टल काढून मयुरीच्या हातावर ठेवलं. "तुझ्यावर येईल हे डोक्यात नव्हतं, पोरी. आलं, तेव्हा तोंड उघडेना."

"अहो, उत्तर का येत नाही, हे आम्हाला विचारायचं तरी!" लिलाबाई म्हणाल्या.

"काय विचारू? रोज तुम्ही दोघी विचारायचात, लोटनभाऊ काय म्हणतात. एका सकाळपासून दोघींनी विचारणंच सोडलं."

लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दुपारची बस जाऊ दे, मयुरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

मयुरी नानांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

"नाना," ती म्हणाली, "लोटनकाका गेले."