जित्या माणसाचा टाक

बसा. त्या बाजेवर नको, तिची सुतळी सैल झालीये. इथं दाराशी बसा, थोडा वारा लागेल. वीज गेली की भवानी पेठेत असंच होतं. दिवसभर कानात यंत्रमागांची खटखट भरलेली असते. ती एकदम थांबली की आपलेच कान परके वाटायला लागतात. वरची खोली दाखवतो, पण घाई करू नका. आधी ऐकून घ्या. मग भाड्यानं घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी या इमारतीच्या किल्ल्या सांभाळतो. पाण्याची मोटर लावतो. पूर्वी मागच्या कारखान्यात चादरीच्या मागावर होतो. माझी बायको कस्तुराबाई गेल्यापासून या खालच्या खोलीत एकटाच आहे.

वर ऋतुजा राहायची. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. आमच्याच समाजातली पोर. इथं चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. एका दुपारी नळाला पाणी आलंय एवढंच सांगायला मी वर गेलो. दार उघडं होतं. आत भिंतीला, खिडकीत, फरशीवर चेहरेच चेहरे. कोळशानं काढलेले, मातीचे, लोकर थापून केलेले. सगळे तिचेच.

"ह्या समद्या तूच का गं?"

"मीच की, तात्या. म्हंजे, व्हायला पायजे व्हते."

"ही कोळशातली जरा उपाशी दिसती."

ती हसली. मग मांडी घालून तिथंच बसली. "सर म्हणत्यात, तू कोण ते शोध. एका वस्तूत न्हाय घावलं तर दुसऱ्यात बघ. कोळशात बघितलं, मातीत बघितलं. लोकरीत बघाय गेले तर आबांच्या मेंढरांचा वास तेवढा आला. मी काय आले न्हाय."

कॉलेजात ती बोलली की पोरी हसायच्या. गावाकडं बोलली की आई म्हणायची, लई शहरी झालीस. म्हणून पोर हळूहळू बोलेनाशीच झाली होती. माझ्याशी तेवढी बोलायची. दुपारी मी दोन भाकरी जास्त थापायचो, ती शेंगाची चटणी घेऊन खाली यायची. आम्ही दाराशी बसून जेवायचो. मला बरं वाटायचं. घरात दुसऱ्या माणसाच्या जेवण्याचा आवाज असला की घर घर वाटतं.

असंच एकदा जेवताना तिनं माझ्या देव्हाऱ्यातले टाक बघितले. तुम्हाला ठाऊक असेल, चांदीचा पत्रा ठोकून त्यावर देवाची मूर्ती उठवतात. आमच्यात घरातलं माणूस गेलं की त्याचाही टाक करतात. पाण्यानं धुतात, कपाळाला भंडारा लावतात आणि नाव घेऊन म्हणतात, बस. मग ते माणूस तिथं बसतं. सणावाराला आधी त्याला जेवण, मग आपल्याला.

"ही कस्तुराआजी?"

"व्हय."

ती लांबूनच बघत राहिली. "आजीला कुणी इचारत न्हाय, तू कोण म्हणून. तिची जागा ठरल्याली हाय."

"ती मेल्यावर ठरली, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून वर बारीक ठोकण्याचा आवाज सुरू झाला. तिनं तांब्याचा पत्रा आणला होता. तयार झाल्यावर तो तळहातावर घेऊन खाली आली. मी चष्मा लावला. तळहाताएवढ्या तांब्यात ती होती. नुसता चेहरा सारखा नव्हता... तीच होती. बोलायचं राहून गेल्यावर तिचा ओठ जसा मुडपायचा, तसा मुडपलेला.

"ह्यात हाय मी," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

मी म्हणालो, "झ्याक झालंय. पण जित्या माणसाचा टाक करत न्हाईत. चित्र म्हणून ठेव. देवात ठेवू नगंस."

"न्हाय वो तात्या."

त्या गुरुवारी मी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलो. माझी किल्ली तिच्याकडं असायची. परत आलो तर देव्हाऱ्यात कस्तुराबाईशेजारी तांबं चमकत होतं. कपाळाला पिवळं बोट.

मी वर जाऊन विचारलं, तर म्हणाली, "फोटो काढायचा व्हता, कॉलेजात दाखवायला. देवांच्या वळीत कसा दिसतोय बघायचं व्हतं."

"भंडारा का लावला?"

"फोटोत बरा दिसंल म्हणून."

"नाव घेतलंस?"

ती ओशाळली. "घेतलं की. सहज. बस म्हणाले."

मी टाक तिच्या हातात दिला आणि वरच ठेवायला सांगितलं. सकाळी पूजेला बसलो तर तो पुन्हा ओळीत होता. मला वाटलं तिनं ठेवला. तिला वाटलं मी नेला. मग मीही तो तिथून हलवला नाही.

दुपारी ती जेवायला आली. भाकरी मोडताना मी बघितली, घास तोंडात घालताना बघितली. पोटभर जेवले म्हणत ती हात धुऊन वर गेली. मी ताट उचलायला वाकलो... आणि वाकलेलाच राहिलो. भाकरी अख्खी होती. चटणी जशीच्या तशी. मी एक तुकडा मोडून तोंडात घातला. चव नव्हती. मीठ नाही, तिखट नाही, भाजल्याचा वास नाही. ओला कागद चावावा तसं. ती भाकरी बाहेर टाकली. गल्लीतलं कुत्रं आलं, वास घेतला आणि पाय मागं घेत गेलं.

मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार? रोज थापायचो, वाढायचो आणि ताट भरलेलं उचलायचो.

मग मालकांचा मुलगा अमरेश आला. म्हणाला, "तात्या, वरची खोली किती दिवस रिकामी ठेवायची? झाडून घ्या, गिऱ्हाईक बघतो." ऋतुजा त्याच्या मागं जिन्यावर बादली घेऊन उभी होती. त्याला वाट द्यायला ती भिंतीला चिकटली. तो तिच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. खांदा कुठं लागला म्हणून त्यानं शर्ट झटकला.

"तात्या," ती हळूच म्हणाली, "कॉलेजात बी आसंच चाललंय. हजेरीत माझं नाव येत न्हाय. मी हाय म्हणते, तर कुणी वर बघत न्हाय... आईला फोन लावला. ती नुसतं हॅलो हॅलो करत राहिली."

मी म्हणालो, आपण दोघं गावी जाऊ, आईच्या समोर उभी राहा, सगळं ठीक होईल. पण आम्ही निघायच्या आधी तिचे वडील बिरुदेवच आले.

अशीच वीज गेलेली दुपार होती. बिरुदेव दारात उभे. पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडं. मी पाणी दिलं. ते शांत होते. रडून रडून मोकळं झालेलं माणूस असतं तसे.

"तिचं सामान न्यायला आलोय," ते म्हणाले. "तिची आई म्हणली, आता तरी घेऊन या. लई दिस झालं."

"कशाला दिस झालं?"

"पोर जाऊन."

मागांचा आवाज नव्हता. जिन्यावर अनवाणी पाय वाजले. ऋतुजा खालच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती.

"आबा," ती म्हणाली.

बिरुदेवांनी तांब्या खाली ठेवला आणि मिशा पुसल्या.

"आबा... हिकडं बघा की."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "पाव्हणं, ती हितंच हाय. कालच जेवली माझ्याजवळ."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मलाच धीर दिल्यासारखा. "व्हय तात्या. मला बी घरात तसंच वाटतं. हितंच हाय, हाक मारंल आत्ता."

"पण ती गेली कशानं?"

ते विचार करायला लागले. कपाळावर आठ्या आल्या. तोंड उघडलं, मिटलं. "कशानं म्हंजे... कशानं गेली बगा... आठवंना झालंय." आणि पहिल्यांदा त्यांचे डोळे घाबरे झाले. मग ती भीतीही विझली. देव्हाऱ्याकडं बोट करून ते म्हणाले, "तिनं सोताच करून ठिवला व्हता म्हणं. तो तेवढा द्या. घरच्या देवात बसवतो."

खरं सांगतो, मला तो द्यायचा नव्हता. आमच्याकडं एकदा घरच्या ओळीत बसलेलं माणूस परत उठत नाही. इथं माझ्या देव्हाऱ्यात ती पाहुणी होती, अजून काही उपाय निघाला असता. हे एक. आणि दुसरं म्हणजे, तिला बघणारा मी एकटाच होतो. ती गेली की दुपारी मला हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. मी म्हणणार होतो, हा टाक माझ्या घरचा आहे.

जिन्यावरून ती म्हणाली, "द्या तात्या."

मी नाही म्हणून मान हलवली.

"हितं कोण हाय माझं, तुमी सोडून? तितं निदान आई रोज पाणी घालंल. नाव घेईल." तिचा ओठ मुडपला. "मला घरी जायचंय."

मी टाक उचलला. तो उन्हात ठेवल्यासारखा गरम होता. बिरुदेवांनी तो फेट्याच्या टोकाला बांधला. बाकीचे चेहरे घोंगड्यात गुंडाळले. ते पुढं, ती मागं, असे दोघं गल्लीतून निघाले. मी नाक्यापर्यंत गेलो.

रिक्षावाला कुणी मुसलमान पोरगा होता. बिरुदेव आत बसले तसा तो वळून म्हणाला, "चाचा, सरको जरा. बच्चीकू अंदर लेव, धूप लगती उसकू."

बिरुदेव काही कळायच्या आत बाजूला सरकले. ती बसली. रिक्षा निघाली. तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

नंतर बरेच दिवस मी भाकरी जास्तच थापत राहिलो.

परवा बिरुदेवांचा फोन आला. मी विचारलं, टाक नीट बसला का? म्हणाले, बसला, आता घर शांत आहे. मग त्यांनी आवाज बारीक केला.

"तात्या, एक इचारू? मेंढरांच्या वाड्याला पांढरी भिंत हाय. तितं कोळशानं कुणीतरी माणूस काढाय लागलंय. रोज थोडं थोडं. पैल्यांदा पाय उठलं. मग गुडघं, मग मांडीवर ठिवल्यालं हात."

"कोण हाय?"

"दारात बसल्यालं माणूस हाय. तुमचंच दार वाटतंय, तात्या. ती किल्ल्यांची जुडी बी हाय कमरंला. आज सकाळी खांद्यापत्तोर आलंय... तोंड तेवढं ऱ्हायलंय. तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"चुना लावून पुसून टाकू का?"

मी जिन्याकडं बघितलं. मागच्या कारखान्यात सगळे माग बंद होते.

"राहू द्या," मी म्हणालो. "पोरीला पुरं करू द्या."

तेव्हापासून दुपारी मी असा दाराशी बसतो. ताठ, हात मांडीवर ठेवून. मघापासून तुम्ही बघताय ना, मी मान हलवत नाहीये?