दोराचं दुसरं टोक

बँकेतली नोकरी सोडून बोटीवर यायचं म्हणताय? या की, साहेब. बसा इथे, दोरांच्या वेटोळ्यावर, ओलं नाहीये. कंदील जरा तुमच्याकडे ओढून घ्या, चहा येईलच. मीही असाच आलो होतो, फक्त माझ्या हातात लेखणीऐवजी वस्तरा होता.

वाळवंटापलीकडच्या आमच्या कुफ्त गावच्या बाजारात माझं न्हाव्याचं दुकान होतं. अर्धं आयुष्य लोकांच्या टाळक्यांकडे बघण्यात गेलं. मग समोरच दोन पोरांनी लाल खुर्च्यांचं, गार हवेचं सलून टाकलं आणि माझ्याकडे उरले ते म्हातारे, ज्यांना केस कापण्यापेक्षा गप्पाच जास्त हव्या असत. मी चिडचिडा झालो. एका म्हाताऱ्याला म्हणालो, "काका, तुमच्या डोक्यावर जे उरलंय त्याला कात्री कशाला, फुंकर पुरे." तो पुन्हा काही आला नाही.

शाझली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, रस्मियाचा नवरा. तो इथेच, या कुसैर बंदरातल्या बोटीवर दोरवाला होता. सुट्टीवर घरी आला की माझ्या खुर्चीत पाय पसरून बसायचा. आमच्याकडे न्हाव्याला सगळे उस्ता म्हणतात, तोही तेच म्हणायचा. "उस्ता, बंद कर हे दुकान. चल माझ्याबरोबर. समुद्राला दाढी नसते."

म्हटलं, चल. दुकानाला कुलूप घातलं. निघताना रस्मियाने मला बाजूला घेतलं. "दादा, तू बरोबर असलास की मला घोर नाही. ह्यांच्यावर लक्ष ठेव. पाण्यात गेले की ह्यांना वर यायचं सुचत नाही. मला ह्यांच्याशिवाय आहे कोण?"

मी म्हणालो, "तुझा नवरा तुला धडधाकट परत आणून देईन." असं बोलू नये माणसाने, पण बोललो.

आता दोरवाल्याचं काम काय, ते ऐका. पाहुण्यांना पाण्याखालची पोवळी दाखवायला आपण खडकापाशी जातो. तिथे नांगर टाकायचा नाही, पोवळी मोडतात. खाली खडकात लोखंडी कडी रोवलेली असते. दोरवाला दोराचं टोक घेऊन उडी मारतो, श्वास कोंडून तळाला जातो, कडीत दोर ओवून गाठ मारतो. दुसरा माणूस वर दोर हातात धरून उभा. खालून दोन हिसके आले की समजायचं, बांधला, आता ताण घ्या. तीन आले तर, धीर धरा, ढिला सोडा, माझं काम चाललंय. तो वरचा माणूस मी.

आमचे रईस, म्हणजे कप्तान, बरकात; बोट त्यांची आणि सुकाणूही त्यांच्याच हातात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दम भरला होता. "पाण्याकडे बघत बसू नकोस. तळहाताने ओळखायचं." दोरवाला वर आला की ते सुकाणूपाशी बसल्या बसल्याच ओरडायचे, "आलास?" आणि त्याने तोंडाने "आलो" म्हटल्याशिवाय पुढचं काम व्हायचं नाही. हात हलवलेला चालायचा नाही, मान डोलावलेली चालायची नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

त्या दिवशी सकाळीच मी शाझलीचं डोकं भादरलं होतं, इथेच, मागच्या बाकावर. त्याचा भोवरा उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, आणि भोवऱ्याचे केस असे आडमुठे की कितीही पाणी लावा, उभेच. "हा भोवरा तुझ्यासारखाच हट्टी आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग, तिला वाटतं सगळा हट्ट माझ्या पोटात आहे."

दुपारी वाळवंटाकडून वारा सुटला. आभाळ पिवळं झालं, दातांखाली वाळू करकरायला लागली. पाहुण्यांना बोट लागली, ते आत जाऊन आडवे झाले. आचारी मदबूलीकाका खाली कांदा परतत होते, त्याचा वास आणि डिझेलचा वास एकत्र होऊन डोकं भणभणत होतं. रईस म्हणाले, वारा पडेपर्यंत त्या उत्तरेच्या खडकाच्या आडोशाला बांधू. एरवी आम्ही तिथे जात नसू. का जात नाही, ते मी कधी विचारलं नव्हतं.

शाझलीने दोर घेतला आणि उडी मारली. माझ्या हातांतून दोर सरकत गेला, मग थांबला. मी वाट बघत राहिलो. थोड्या वेळाने मागच्या शिडीवर पाणी निथळल्याचा आवाज आला. शाझली वर चढला, टॉवेल खांद्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाठ करून बाकावर बसला.

"आलास?" रईस ओरडले.

त्याने हात वर केला. वारा इतका होता की बोलला असेल, ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं. रईसांनाही तसंच वाटलं असणार. मदबूलीकाकांनी त्याच्या हातात चहा दिला.

पण दोन हिसके मला मिळालेच नव्हते. म्हटलं, माझंच लक्ष नसेल.

तेवढ्यात दोर हलला. एक… दोन… तीन.

मी हसलो. मासा अडकला असेल, दुसरं काय? मी दोर थोडा ढिला सोडला. खालून तो ओढून घेतला गेला, शहाण्या माणसाने घ्यावा तसा, हवा तेवढाच. मग पुन्हा तीन.

अहो, मासा मोजून हिसके देत नाही! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी मान वळवून बाकाकडे बघितलं. शाझली चहा पीत होता. टॉवेल खाली घसरला होता आणि त्याचं ताजं भादरलेलं डोकं माझ्यासमोर होतं. माणूस तोंड विसरतो, नाव विसरतो, पण न्हावी डोकं विसरत नाही, साहेब. भोवरा डाव्या कानाच्या वर होता. केस अगदी तसेच आडमुठे, उभे. पण डावीकडे.

"रईस," मी म्हणालो. "रईस… इकडे या."

ते आले. काही न विचारता त्यांनी माझ्या हाताच्या पुढे दोरावर आपला तळहात ठेवला. तीन हिसके आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी बाकाकडे एकदाही बघितलं नाही.

"सोड दोर," ते हळूच म्हणाले.

"सोडू कसा? खाली शाझली आहे."

"शाझली तिथे चहा पितोय."

"मग खाली कोण आहे?"

"ते विचारायचं नसतं, खलफ."

मी सदरा काढायला लागलो. "मी जातो खाली. रस्मियाला काय तोंड दाखवू?"

त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड अशी की हाड मोडेल. "गेलास तर वर कोण येईल, हे मला सांगता येणार नाही."

तेव्हा बाकावरून आवाज आला. शाझलीचाच आवाज, मागे न वळता, थकलेला. "उस्ता… सोड ना आता. मी आलोय."

माझी पाचावर धारण बसली. तरीही मी दोर सोडला नाही, हे मात्र खरं. रईसांनी मदबूलीकाकांची सुरी आणून तो माझ्या हातापुढे कापला. कापलेलं टोक पाण्यावर तरंगलं नाही. कोणीतरी हातावर हात टाकत ओढून घ्यावं तसं ते टप्प्याटप्प्याने खाली गेलं.

बंदरात उतरल्यावर शाझली म्हणाला, "बस झाला समुद्र, मी घरी जातो." आणि गेला. काही दिवसांनी रस्मियाचा फोन आला. किती आनंदात होती! म्हणाली, "दादा, ह्यांनी तुझं दुकान उघडलंय. लोक म्हणतात, हात तुझ्यापेक्षा हलका आहे. रोज संध्याकाळी घरी असतात. आधी आवाज चढवायचे, आता तेही नाही. तू माझा माणूस मला परत दिलास."

काय सांगणार होतो मी तिला? तुझ्या नवऱ्याचा भोवरा चुकीच्या बाजूला आहे म्हणून? मी म्हणालो, "सुखी राहा," आणि फोन ठेवला.

मला परत जायला दुकान उरलं नव्हतं, आणि असतं तरी गेलो नसतो. मी श्वास कोंडायला शिकलो. कान फुटायची वेळ आली, नाकातून रक्त आलं, तरी शिकलो. पुढे दोरवाला झालो. पण त्या उत्तरेच्या खडकाशी कधी खाली उतरलो नाही. नुसतं दोराला शिसं बांधून खाली सोडायचं आणि हातात धरून उभं राहायचं. रईस मला तिथे नेत आणि तोंड फिरवून बसत. त्यांनी मला कधी अडवलं नाही.

दर वेळी तीन हिसके. धीर धरा, माझं काम चाललंय. मी वरून एक हिसका द्यायचो, आहे रे बाबा, मी इथेच आहे. दुसरं काही सुचायचं नाही. कधी कधी मी त्याला वरून गप्पाही सांगायचो, रस्मिया बरी आहे, कुफ्तमध्ये आंबे महाग झालेत, असलं काहीतरी. हसू नका.

मग या वसंतात एकदा दोर सोडला आणि तो नुसताच लटकत राहिला. ऊन उतरेपर्यंत धरून उभा राहिलो. काही नाही. रईस जवळ येऊन बसले. "सुटला बिचारा," म्हणाले. मी लहान पोरासारखा रडलो. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू!

त्यानंतर कुसैरहून कुफ्तपर्यंत वाळवंटातल्या रस्त्याने पायी जायला माणसाला जितका वेळ लागेल, तितका गेला असेल. भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असतं त्या वेळी, माझा फोन वाजला. रस्मिया. इतकी हळू बोलत होती की मी आधी ओळखलंच नाही.

"दादा… दाराशी कोणीतरी आहे."

"कोण?"

"आवाज ह्यांचा आहे. म्हणतायत, रस्मिया, उशीर झाला, दार उघड."

"आणि शाझली कुठे आहे?"

"आत. माझ्या शेजारी. उठून बसलेत. माझा हात धरलाय… सोडत नाहीयेत. रडतायत, दादा. म्हणतायत, उघडू नकोस. तू त्या दिवशी तिथे होतास. तू सांग. उघडू?"

तुम्ही काय सांगितलं असतं, साहेब? ज्याचा दोर मी इतके महिने धरून ठेवला, त्याला उन्हात दाराबाहेर ठेव, असं सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, "उघड."

कडी काढल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर उचलेना. दुसऱ्या दिवशी उचलला. म्हणाली, सगळं ठीक आहे, तू ईदला ये.

ईदला गेलो. शाझली बाहेरच्या खोलीत बसला होता, नवे कपडे घालून. मला मिठी मारली, दुकानातले किस्से सांगितले, हसवलं. रस्मिया चहा घेऊन आली. एक पेला मला दिला, एक त्याला, एक स्वतःजवळ ठेवला. चौथा घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. मी शाझलीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

तो नमाजाला मशिदीत गेला तेव्हा मी तिला चुलीपाशी गाठलं. "रस्मिया, आत…"

"हळू बोल. त्यांना अजून उजेड सोसत नाही." ती भाकरी उलटत होती. वाळली होती पोरगी, डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मी दोघांना विचारून बघितलं, दादा. आमचं लग्न, माझं आजारपण, आम्ही दोघंच असताना बोललेलं, सगळं. दोघांनीही बरोबर सांगितलं. एकाने तरी चूक करायला हवी होती ना रे? एक म्हणतो, मी तुझ्यासाठी वर आलो. दुसरा म्हणतो, मी तुझ्यासाठी चालत आलो. तू आणून दिलेस ना मला? मग आता तूच सांग, कोणाला बाहेर काढू?"

अंगणाचं फाटक वाजलं. "उस्ता, जेवून जायचं हं!" शाझली दारातून म्हणाला. आणि आतल्या खोलीतून, बंद दाराच्या मागून, तोच आवाज, तेच शब्द, जरा मागाहून आले. रस्मिया दचकलीसुद्धा नाही. हातात भाकरी तशीच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.